रिकव्हरी डिस्क नसताना वापरलेला लॅपटॉप पूर्णपणे कोरा कसा करावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन बाजारात मिळणारे वापरलेले लॅपटॉप साधारणपणे दोन वाटांनी आलेले असतात. काही लॅपटॉप कंपन्यांनी काही वर्षे भाडेपट्ट्याने वापरून परत केलेले असतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही नावे त्यांत नेहमी आढळतात. उरलेले घरगुती ग्राहकांनी नवा घेताना देऊन टाकलेले असतात. या दोहोंबरोबर विंडोज पुन्हा टाकण्याची रिकव्हरी डिस्क जवळजवळ कधीच मिळत नाही. पुढील उत्तरे मुख्यतः विंडोज १० आणि विंडोज ११ चालवणाऱ्या लॅपटॉपांना लागू आहेत. त्याहून जुन्या लॅपटॉपांचा आणि मॅकबुकचा विचार स्वतंत्र प्रश्नांत केला आहे.

डिस्क नसेल तर विंडोज पुन्हा टाकता येते का?

होय, आणि त्यासाठी नव्याने परवाना विकत घेण्याचीही बहुधा गरज पडत नाही. पूर्वी डिस्कच्या पाकिटातून दोन गोष्टी मिळत असत : विंडोज टाकण्याचा प्रोग्रॅम आणि परवान्याचा क्रमांक. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या हा क्रमांक मदरबोर्डवरील (मुख्य सर्किट बोर्डवरील) फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्याच्या चिपमध्ये कायम राहणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, साठवू लागल्या. विंडोज १० पासून तर विंडोज सक्रिय झाल्याची नोंद त्या विशिष्ट मदरबोर्डच्या नावे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. विंडोज टाकण्याचा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतो. म्हणून हार्ड डिस्क पूर्ण पुसली किंवा काढून दुसरी बसवली, तरी परवाना लॅपटॉपबरोबर टिकतो. मदरबोर्ड बदललेला असेल, तर मात्र तो टिकेलच असे नाही.

लॅपटॉप कोरा करण्यापूर्वी, शक्यतो पैसे देण्यापूर्वीच, काय तपासावे?

माझ्या मते हा प्रश्न या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि खरेदी करणारे नेमका तोच विचारायचे विसरतात. विंडोज पुन्हा टाकणे हे थोड्या सरावाने कोणालाही जमणारे काम आहे. परंतु लॅपटॉपवर आधीच्या मालकाचा ताबा कायम असेल, तर विंडोज कितीही वेळा टाकले तरी तो ताबा सुटत नाही.

पहिला अडसर बायोस पासवर्डचा असतो. बायोस म्हणजे लॅपटॉप चालू होताना विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम. लॅपटॉप चालू करताच एफ-१, एफ-२ किंवा एफ-१० दाबून बायोसमध्ये जावे आणि तेथे पासवर्ड मागितला जातो का, हे पाहावे. मदरबोर्डवरील छोटी गोल बॅटरी काढली की पासवर्ड पुसला जातो, असे अनेक दुकानदार सांगतात. ते जुन्या डेस्कटॉपच्या बाबतीत खरे असले, तरी कार्यालयीन लॅपटॉपांत पासवर्ड वेगळ्या मेमरी चिपमध्ये असतो आणि वीज तुटली तरी तो टिकतो. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवल्यास मदरबोर्ड बदलावा लागतो, अशीच लेनोवोची अधिकृत भूमिका आहे.

दुसरा अडसर अधिक फसवा आहे. मोठ्या संस्था आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवतात. अशी नोंद असलेला लॅपटॉप कोरा करून पहिल्यांदा इंटरनेटला जोडला, की पडद्यावर त्या संस्थेचे नाव येते आणि तेथील कर्मचाऱ्याचे खाते मागितले जाते. ही नोंद डिस्कवर नसून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असल्यामुळे डिस्क पुसून ती जात नाही. ती फक्त ती संस्थाच काढू शकते. विक्रेत्याने इंटरनेट न जोडता स्थानिक खाते बनवून विंडोज टाकले असेल, तर लॅपटॉप दुकानात व्यवस्थित चालतो आणि आपण घरी तो पुन्हा कोरा केला की मगच अडकतो. यावर उपाय एकच आहे : व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी विक्रेत्याला समोर रीसेट करायला, म्हणजे विंडोज मूळ स्थितीत आणायला, सांगावे, सुरुवातीची मांडणी सुरू झाल्यावर आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडावा आणि पडद्यावर कोणत्याही संस्थेचे नाव येत नाही याची खात्री करून घ्यावी. यात वेळ जातो, परंतु तो वेळ मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

तिसरी बाब म्हणजे कॉम्प्युट्रेस, ज्याचे आताचे नाव अब्सोल्यूट असे आहे. चोरीपासून संरक्षणासाठी असलेल्या या व्यवस्थेचा एक भाग अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत फर्मवेअरमध्येच बसवलेला असतो. ती सक्रिय केलेली असेल, तर विंडोज नव्याने टाकल्यावरही ती आपला प्रोग्रॅम पुन्हा बसवते. बायोसच्या सुरक्षा विभागात तिची स्थिती दिसते. ती सक्रिय असल्यास विक्रेत्याकडून मूळ मालकाच्या परवानगीचा कागद मागावा, आणि तो मिळत नसेल तर लॅपटॉप घेऊ नये. खरेदीचे बिल, त्यावर लॅपटॉपचा सिरियल क्रमांक लिहून, प्रत्येक परिस्थितीत घ्यावे.

विंडोजमधील रीसेटची सोय पुरेशी आहे का, की पेन ड्राइव्हवरून सर्व नव्याने टाकावे?

लॅपटॉप पहिल्यापासून आपलाच असेल आणि केवळ संथ झाला असेल, तर रीसेट पुरेसे आहे. दुसऱ्याकडून आलेल्या लॅपटॉपसाठी मात्र मी नेहमी पेन ड्राइव्हचाच आग्रह धरीन. स्थानिक रीसेट डिस्कवर आधीपासून असलेल्या फायलींमधूनच विंडोज पुन्हा उभारते. त्या फायली कोणी हाताळल्या आहेत, विक्रेत्याने परवाना चुकवण्यासाठी कोणता प्रोग्रॅम चालवला आहे किंवा डिस्कच्या रिकव्हरी विभागात (पार्टिशनमध्ये) कोणती बदललेली प्रत ठेवली आहे, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. पेन ड्राइव्हवरून टाकताना डिस्कवरील सर्व विभाग काढून टाकता येतात आणि जुन्या विंडोजचा कोणताही अंश उरत नाही.

तरीही रीसेट करायचे असल्यास ते कसे करावे?

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टिम' आणि त्यात 'रिकव्हरी' येथे जावे. विंडोज १० मध्ये हीच सोय 'अपडेट अँड सिक्युरिटी' या विभागात आहे. 'रीसेट धिस पीसी' निवडल्यावर दोन पर्याय येतात : फायली ठेवणारा आणि सर्व काही काढणारा. वापरलेल्या लॅपटॉपसाठी दुसरा, म्हणजे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडावा. त्यानंतर 'क्लाउड डाउनलोड' आणि 'लोकल रीइन्स्टॉल' यांपैकी एक निवडायचे असते. पहिल्यात मायक्रोसॉफ्टकडून सुमारे ४ जीबी इतका ताजा संच उतरवला जातो, आणि डेटा उपलब्ध असेल तर तोच घ्यावा. शेवटी सेटिंग्ज बदलण्याचा दुवा दिसतो. त्यात डिस्क पुसण्याचा 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करावा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागू शकतात. संपूर्ण वेळ चार्जर जोडलेला ठेवावा; वीज जाणाऱ्या भागात बॅटरी आधी पूर्ण भरून घ्यावी, आणि बॅटरी दम धरत नसेल तर इन्व्हर्टरवरच हे काम करावे.

आधीच्या मालकाचा पासवर्ड माहीत नाही, किंवा विंडोज सुरूच होत नाही. मग काय करावे?

लॉगिनच्या पडद्यावरील पॉवरच्या चिन्हावर जाऊन शिफ्टची कळ दाबून धरत 'रीस्टार्ट' निवडल्यास दुरुस्तीचा निळा पडदा उघडतो. त्यातील 'ट्रबलशूट' या विभागात रीसेटची सोय असते. विंडोज सुरूच होत नसेल, तर सुरू होण्याच्या प्रयत्नात ते दोन-तीन वेळा अडखळल्यावर हाच पडदा आपोआप येतो. तेथे बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली, तर डिस्क कूटबद्ध आहे असे समजावे. ही की बहुधा आधीच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती मिळत नसेल तर जुनी माहिती वाचता येणार नाही. पण पेन ड्राइव्हवरून सुरू करून सर्व विभाग काढून टाकण्यास तिची गरज नसते. लॅपटॉप कोरा करणे एवढाच हेतू असल्यामुळे आपले काही अडत नाही.

कंपनीने लॅपटॉपमध्येच ठेवलेला रिकव्हरी विभाग कसा उघडावा?

पॉवरचे बटण दाबल्याबरोबर ठरावीक कळ दाबत राहावे लागते. एचपीमध्ये एफ-११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ-१० एकत्र, आसुसमध्ये एफ-९ आणि तोशिबाच्या जुन्या लॅपटॉपांत शून्याची कळ, अशी योजना असते. लेनोवोच्या आयडियापॅडमध्ये कडेला किंवा पॉवर बटणाजवळ टाचणीने दाबण्याचे छोटे 'नोव्हो' बटण असते. डिस्क आधीच एकदा बदललेली असेल, तर हा विभाग आढळणार नाही. आढळला तरी त्यातून विक्रीच्या दिवशीचे जुने विंडोज, त्याबरोबर आलेल्या अनावश्यक चाचणी आवृत्त्यांसह, परत येते. विंडोज ७ च्या काळातील लॅपटॉपसाठी मात्र हा विभाग मोलाचा आहे, कारण त्या काळातील ड्रायव्हर (लॅपटॉपचे निरनिराळे भाग चालवणारे प्रोग्रॅम) आता सहज मिळत नाहीत.

विंडोजचा पेन ड्राइव्ह कसा बनवावा?

त्यासाठी इंटरनेट असलेला दुसरा, खात्रीचा विंडोज संगणक आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. पेन ड्राइव्हवरील सर्व फायली पुसल्या जातात, म्हणून तो आधी रिकामा करावा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून चालवावे. पुढील काम ते स्वतः करते. बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मिळणारे, 'सर्व सॉफ्टवेअरसहित' असे सांगितले जाणारे पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडी वापरू नयेत. लॅपटॉप स्वच्छ करण्याचा सारा खटाटोप अशा अनोळखी प्रतीमुळे वाया जातो.

पेन ड्राइव्ह तयार झाल्यावर पुढे काय करावे?

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करावा आणि कोठून सुरू व्हायचे ते निवडण्याची यादी उघडावी. डेल आणि लेनोवोमध्ये त्यासाठी एफ-१२, एचपीमध्ये एफ-९ आणि आसुसमध्ये एस्केपची कळ असते. एसरमध्येही एफ-१२ असते, परंतु ती सोय अनेकदा बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावी लागते. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसत असेल, तर ज्याच्या नावात यूईएफआय आहे तो निवडावा.

भाषा आणि कळफलक निवडल्यानंतर प्रॉडक्ट की विचारली गेल्यास, आपल्याकडे ती नाही असे सांगणारा पर्याय निवडून पुढे जावे. पुढे डिस्कवरील विभागांची यादी येते. येथे घाई करू नये. पेन ड्राइव्ह आणि असल्यास दुसरी डिस्क हीदेखील याच यादीत असते, म्हणून आकारमान पाहून मुख्य डिस्क ओळखावी. तिच्यावरील एकेक विभाग 'डिलीट' करत जावे. अखेरीस एकच रिकामी जागा उरते. तीच निवडून पुढे जावे, लागणारे सर्व विभाग विंडोज स्वतः बनवते. डिस्कवरील विभागांचा तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा आहे, म्हणून विंडोज टाकता येत नाही, असा संदेश आल्यास त्याचाही उपाय हाच आहे : सर्व विभाग काढले की विंडोज जीपीटी पद्धतीचा नवा तक्ता तयार करते.

विभागांच्या यादीत डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब झाली आहे का?

बहुतेक वेळा नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे जोडलेली असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या संचात नसल्यास यादी रिकामी दिसते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवावा, तो उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि याच पडद्यावरील 'लोड ड्रायव्हर' या बटणाने दाखवावा. डिस्क लगेच दिसू लागते. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या एसएसडी (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क) बदलून घेतल्या जातात, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. डिस्क बायोसमध्येही दिसत नसेल, तरच ती सैल किंवा निकामी असल्याची शंका घ्यावी.

विंडोजची कोणती आवृत्ती टाकावी आणि परवाना खरा आहे हे कसे ओळखावे?

फर्मवेअरमध्ये क्रमांक असेल तर विंडोज त्यानुसार आवृत्ती आपोआप निवडते. भारतात विकल्या गेलेल्या घरगुती लॅपटॉपांत 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती फार मोठ्या प्रमाणात असते. परवाना आवृत्तीशी बांधलेला असतो, त्यामुळे अशा लॅपटॉपवर 'प्रो' टाकल्यास ते सक्रिय होत नाही. विंडोज टाकून इंटरनेट जोडल्यावर 'सेटिंग्ज' मधील 'ॲक्टिव्हेशन' येथे पाहावे. डिजिटल परवान्याने सक्रिय झाल्याचा उल्लेख तेथे असेल, तर सर्व ठीक आहे.

हीच तपासणी जुने विंडोज पुसण्यापूर्वीही करावी. तेथे संस्थेच्या सक्रियता सेवेचा उल्लेख दिसत असेल, तर विक्रेत्याने केएमएस, म्हणजे मोठ्या संस्थांसाठी असलेल्या सक्रियतेच्या पद्धतीचा वापर केलेला असण्याची दाट शक्यता असते. अशी सक्रियता १८० दिवसांची असते आणि ती परत परत वाढवणारा लपलेला प्रोग्रॅम मागे चालू राहतो. हे प्रोग्रॅम चालण्यासाठी अनेकदा विंडोजचे सुरक्षा कवच बंद केलेले असते, आणि वापरलेला लॅपटॉप मुळापासून पुसून घ्यावा असे मी म्हणतो त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

नव्या विंडोजमध्ये वायफाय चालत नाही आणि इंटरनेटशिवाय मांडणी पुढे सरकत नाही. काय करावे?

अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने जोडावा आणि त्यातील 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. लॅपटॉपला तो तारेने जोडलेल्या इंटरनेटसारखा दिसतो आणि वायफायचा ड्रायव्हर नसतानाही काम भागते. पुढे विंडोज अपडेट उरलेले बहुतेक ड्रायव्हर स्वतः आणते. जे राहतील ते लॅपटॉपच्या सिरियल क्रमांकावरून मूळ कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावेत. ड्रायव्हर शोधून देणारे अनोळखी प्रोग्रॅम टाळावेत.

आधीच्या मालकाची माहिती खरोखर नाहीशी होते का?

विभाग काढून विंडोज टाकल्याने फिरत्या हार्ड डिस्कवरील जुनी माहिती लगेच नष्ट होत नाही. तिच्यावर नवी माहिती लिहिली जाईपर्यंत ती विशेष प्रोग्रॅमने परत मिळवता येते. अशा डिस्कची प्रत्येक जागा एकदा शून्याने भरली, तर ते व्यवहारात पुरेसे ठरते. विंडोज टाकण्याच्या पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० दाबल्यास आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडते. तेथे डिस्कपार्टमधील 'क्लीन ऑल' ही आज्ञा हे काम करते. आज्ञा देण्यापूर्वी योग्य डिस्क निवडली आहे ना, हे दोनदा पाहावे, कारण हे काम मागे फिरवता येत नाही.

एसएसडीचे तसे नाही. तिचा नियंत्रक झीज समान राहावी म्हणून माहिती सतत निरनिराळ्या जागी लिहितो, त्यामुळे वरून शून्ये भरली तरी काही जागा सुटू शकतात. तिच्यासाठी नियंत्रकालाच सर्व पुसण्याची आज्ञा देणे योग्य असते, आणि अनेक कार्यालयीन लॅपटॉपांच्या बायोसमध्ये तशी सोय दिलेली असते.

लॅपटॉपवर कोणाची छायाचित्रे किंवा कागदपत्रे सापडली, तर ती उघडून पाहू नयेत. ती आपल्याला विकलेली नसतात. विक्रेत्यामार्फत मूळ मालकाला कळवता आले तर कळवावे, अन्यथा पुसून टाकावीत.

लॅपटॉप जुना आहे आणि विंडोज ११ चालत नाही. तो कोरा करण्यात अर्थ आहे का?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही सुरक्षित सुरुवातीची सोय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विस्तारित योजनेत नोंदणी केलेल्या वैयक्तिक संगणकांना ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ७ साठीचा आधार तर १४ जानेवारी २०२० रोजीच संपला. त्याच्या परवान्याचा क्रमांक लॅपटॉपच्या तळाशी किंवा बॅटरीखाली चिकटवलेला असतो, परंतु सप्टेंबर २०२३ पासून तो क्रमांक वापरून विंडोज १० किंवा ११ नव्याने सक्रिय करता येत नाही.

अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला २ जीबी रॅम चालते, ४ जीबी असेल तर काम सुखाने होते. परवाना विकत घ्यावा लागत नाही आणि पेन ड्राइव्हवरूनच चालवून आधी पाहताही येते. विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी, ब्राउझर आणि लेखनासाठी ते पुरते. हाताशी थोडे पैसे असतील तर फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी, कारण लॅपटॉपच्या वेगात त्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

मॅकबुकसाठी हीच पद्धत चालते का?

नाही. ॲपल सिलिकॉन (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) किंवा टी-२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅकबुकवर, मॅकओएस माँटेरे अथवा त्यानंतरची आवृत्ती असल्यास, सेटिंग्जमध्येच सर्व माहिती आणि सेटिंग्ज पुसण्याची सोय आहे. त्याआधीच्या इंटेल मॅकबुकवर चालू करताना कमांड आणि आर या कळा धरून रिकव्हरी उघडावी लागते. ॲपल सिलिकॉनच्या मॅकबुकवर पर्याय दिसेपर्यंत पॉवरचे बटण दाबून धरावे. मूळ मालकाने आपले आयक्लाउड खाते आणि 'फाइंड माय' काढलेले नसेल, तर पुसल्यानंतर ॲक्टिव्हेशन लॉक लागते आणि ते त्या मालकाच्या ॲपल खात्याशिवाय किंवा खरेदीच्या पुराव्यासह ॲपलकडे गेल्याशिवाय सुटत नाही.

लॅपटॉप माझाच आहे आणि तो कोरा करून विकायचा आहे. आधी काय जपून ठेवावे?

छायाचित्रे आणि डाउनलोड सर्वांच्या लक्षात राहतात. टॅलीचा डेटा मात्र नेहमीच्या डॉक्युमेंट्स फोल्डरबाहेर असू शकतो, म्हणून टॅलीमधूनच बॅकअप घ्यावा. श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालीत टंकलेल्या मराठी फायली त्या फाँटशिवाय वाचता येत नाहीत. फाँट, प्रोग्रॅमचा संच आणि असल्यास डोंगल जपून ठेवावे, अथवा फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. पुढील लेखनासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम लागत नाही, कारण २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्ये मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक अंगभूत आहे.

त्यानंतर डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू करून ते पूर्ण होऊ द्यावे आणि मगच रीसेट करावे, म्हणजे मागे काही अंश राहिला तरी तो वाचता येत नाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातील उपकरणांच्या यादीतून हा लॅपटॉप काढून टाकावा, बायोस पासवर्ड ठेवला असेल तर तो काढावा, आणि घेणाऱ्याला मूळ बिलाची प्रत द्यावी.